गावच्या पाण्याचा प्रश्न नेमका कोणत्या कार्यालयात न्यावा

मार्च उजाडला की महाराष्ट्रातल्या तहसील कार्यालयांत एका ठरावीक धाटणीचे अर्ज येऊ लागतात. विषय ‘गावास पाणी नसल्याबाबत’, प्रति ‘मा. जिल्हाधिकारी’, आणि तळाशी ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून पालकमंत्र्यांपासून पाटबंधारे शाखेपर्यंत सात-आठ नावे. अर्ज तळमळीने लिहिलेला असतो, खाली पन्नास सह्या आणि अंगठे असतात, तरी तो पुढे सरकत नाही. कारण नेमके कोणते पाणी नाही हेच त्यात लिहिलेले नसते. नळाला पाणी नाही, विहिरीला नाही, पाटाला नाही, की पाणी आहे पण तोंडात घेण्याजोगे नाही? गावासाठी हे सारे एकच दुखणे असले, तरी शासनाच्या दप्तरी त्या चार वेगळ्या बाबी आहेत, त्यांचे कायदे वेगळे आहेत आणि निर्णय घेणारे अधिकारीही वेगळे आहेत. आठ जणांना प्रत पाठवली की प्रत्येक जण ते काम उरलेल्या सात जणांचे समजतो.

हे मार्गदर्शन सरपंच, ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचे सदस्य, पाणी वापर संस्थेचे संचालक आणि गावाच्या वतीने कागद हाताळणारे शिक्षक-पदवीधर यांच्यासाठी आहे. शहराचा पाणीपुरवठा हा निराळा विषय असल्याने त्याला येथे हात घातलेला नाही.

पाणी कुठे आहे, त्यावरून त्याचा धनी ठरतो

पावसाचा एकच थेंब डोंगरावर पडतो तेव्हा वनविभागाच्या हद्दीत असतो, ओढ्यावरच्या बंधाऱ्यात अडला की मृद व जलसंधारण विभागाकडे किंवा जिल्हा परिषदेकडे जातो, मोठ्या धरणात पोहोचला की जलसंपदा विभागाचा होतो, जमिनीत मुरला की त्याचे मोजमाप भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा करते, टाकीत चढला की ग्रामपंचायतीचा होतो आणि वापरून नाल्यात सांडला की महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कक्षेत येतो. ही वाटणी निसर्गाच्या दृष्टीने विचित्र आहे, परंतु अर्जदाराला तिच्याशी भांडून उपयोग नाही. ती समजून घेऊनच पाऊल टाकावे लागते.

यातली सर्वांत जास्त घोटाळा करणारी सीमारेषा म्हणजे तलाव आणि बंधाऱ्यांची. ६०० हेक्टरांपर्यंत सिंचनक्षमता असलेली लहान कामे मृद व जलसंधारणाच्या बाजूला येतात आणि त्याहून मोठी धरणे जलसंपदा विभागाकडे, म्हणजे व्यवहारात त्या त्या खोऱ्याच्या पाटबंधारे विकास महामंडळाकडे असतात. राज्यात अशी पाच महामंडळे आहेत: कृष्णा खोरे, विदर्भ, तापी, कोकण आणि गोदावरी मराठवाडा. लहान कामांतही १०० हेक्टरांपर्यंतचे पाझर तलाव, गाव तलाव आणि कोल्हापूर पद्धतीचे बंधारे बहुधा जिल्हा परिषदेच्या ताब्यात असतात. त्यामुळे बंधाऱ्याची फळी चोरीला गेली किंवा सांडवा फुटला, तर तक्रार लिहिण्याआधी ते काम बांधले कोणी आणि आज कोणाच्या ताब्यात आहे, हे पंचायत समितीत विचारून घ्यावे. एका विभागाने बांधून दुसऱ्याकडे सोपवलेली, पण कागदावर कोणीच ताब्यात न घेतलेली कामे अपवादात्मक नाहीत. अशा वेळी ‘हस्तांतरणाच्या कागदाची प्रत मिळावी’ एवढीच मागणी आधी करावी. दुरुस्तीची मागणी त्या कागदानंतर करणे शहाणपणाचे असते.

जमिनीखालचे पाणी

राज्याच्या सुमारे चार पंचमांश भूभागाखाली काळा बेसाल्ट खडक आहे. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून तो बनलेला असल्याने पाणी सगळीकडे सारखे साठत नाही. वरचा मुरूम, त्याखालचा मऊ मांजऱ्या आणि दोन थरांमधल्या भेगा यांतच त्याला जागा मिळते, आणि खालचा अखंड पाषाण पाण्याला थारा देत नाही. म्हणूनच एका विहिरीला भरपूर पाणी आणि शंभर पावलांवरची दुसरी कोरडी, असा अनुभव गावोगाव येतो. याच कारणामुळे शेजाऱ्याच्या नव्या बोअरने गावच्या विहिरीचे पाणी पळवले, हा आरोप कधी खरा असतो आणि कधी नसतो. तो ठरवण्याचे शास्त्रीय काम भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे आहे. तिचे मुख्यालय पुण्यात असून जिल्ह्यात वरिष्ठ भूवैज्ञानिक हा तिचा प्रमुख असतो.

या यंत्रणेने राज्याचे सुमारे दीड हजार पाणलोट क्षेत्रांत विभाजन केले आहे. त्यांतल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा संपताच अशी वर्षातून चार वेळा मोजली जाते आणि मागील पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहिली जाते. उपसा किती होतो यावरून प्रत्येक पाणलोट सुरक्षित, अंशतः शोषित, शोषित किंवा अतिशोषित ठरतो. वर्षाला जेवढे पाणी काढण्याजोगे असते त्याच्या ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर सुरक्षित आणि १०० टक्क्यांच्या पुढे गेला तर अतिशोषित, असा त्याचा ढोबळ हिशेब आहे. आपले गाव कोणत्या पाणलोटात येते, त्याचा सांकेतांक काय आणि वर्गवारी कोणती, ही माहिती वरिष्ठ भूवैज्ञानिकांच्या कार्यालयातून लेखी घ्यावी. पुढच्या प्रत्येक अर्जाच्या पहिल्या ओळीत ती लिहावी. अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्यावरून लगेच कळते की समोरच्याने घरचा अभ्यास केला आहे.

गावाने स्वतःचे मोजमापही ठेवावे. त्यासाठी उपकरण लागत नाही. खुणा केलेली दोरी आणि टोकाला एक वजन पुरते. कठड्यावर रंगाने एक खूण करून दर वेळी तिथूनच मोजावे, पहाटे मोटार सुरू होण्यापूर्वी मोजावे आणि कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा करून जमिनीखाली किती मीटरवर पाणी आहे ते वहीत लिहावे. सार्वजनिक विहिरीची दर पंधरवड्याची अशी दोन वर्षांची वही हा पन्नास सह्यांपेक्षा वजनदार पुरावा आहे, कारण नवा बोअर कोणत्या तारखेला घेतला आणि पातळी कोणत्या तारखेनंतर खचली, हे त्यात शेजारी शेजारी दिसते.

आता कायद्याकडे वळू. पिण्याच्या पाण्याचे उद्भव, म्हणजे विहीर किंवा विंधन विहीर (बोअर) यांसारखे स्रोत, वाचवण्यासाठी राज्याने १९९३ मध्ये एक कायदा केला होता. त्याची जागा पुढे महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ याने घेतली. राष्ट्रपतींची संमती मिळून तो १ जून २०१४ पासून अमलात आला. त्यात राज्य भूजल प्राधिकरणाचे काम महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे दिलेले आहे. गावाच्या दृष्टीने त्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आत, त्याच पाणलोटात, परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही. दुसरी, टंचाई जाहीर झाल्यावर अशा उद्भवापासून एक किलोमीटरच्या आतील विहिरींच्या उपशावर निर्बंध घालता येतात. आणि तिसरी, ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला हा कायदा ‘खोल विहीर’ म्हणतो आणि अधिसूचित, म्हणजे या कायद्याखाली तसे जाहीर झालेल्या, क्षेत्रात शेती किंवा उद्योगासाठी तशी नवी विहीर घेण्यास मनाई करतो. ६० मीटर म्हणजे जेमतेम २०० फूट. ज्या गावात पाचशे-सहाशे फुटांच्या बोअरची चर्चा पारावर सहज चालते, तिथे हा आकडा ऐकून लोक हसतात. पण कायदा तसा आहे.

५०० मीटरांच्या तरतुदीचा उपयोग करायचा असेल, तर क्रम असा ठेवावा. गावची विहीर किंवा विंधन विहीर ग्रामपंचायतीच्या स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत सार्वजनिक उद्भव म्हणून नोंदलेली आहे का, हे सर्वांआधी पाहावे. नसेल तर ती नोंद करून घ्यावी, कारण नोंद नसलेल्या विहिरीचे रक्षण मागणे म्हणजे नाव नसलेल्या माणसाचा वारसा मागण्यासारखे आहे. नंतर ग्रामसभेचा किंवा मासिक सभेचा ठराव घ्यावा. ठरावात उद्भवाचा गट क्रमांक, नव्या बोअरचा गट क्रमांक, दोहोंतील मोजलेले अंतर आणि खोदकामाची तारीख लिहावी. ठराव आणि हाती काढलेला नकाशा जोडून अर्ज तहसीलदारांकडे द्यावा आणि त्यातच ‘वरिष्ठ भूवैज्ञानिकांचा तांत्रिक अहवाल मागवावा’ अशी स्पष्ट विनंती करावी. भूवैज्ञानिक स्वतः बोअर बंद करू शकत नाही, आणि तहसीलदार तांत्रिक अहवालाशिवाय बहुधा काही करत नाही. ही दोन कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवतात ती याच फटीत.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. ही तरतूद बोअर घेण्यापूर्वी जितकी उपयोगी पडते, तितकी नंतर पडत नाही. ज्याने दोन-तीन लाख रुपये घातले, ऊस किंवा डाळिंब उभे केले, त्याची मोटार बंद करायला गावातलाही कोणी मनापासून तयार नसतो. म्हणून खोदकामाची गाडी शिवारात शिरताच तलाठी आणि ग्रामसेवक यांना त्याच दिवशी लेखी कळवणे हाच खरा उपाय आहे. गाड्यांची नोंदणी कायद्याने बंधनकारक असल्याने तिचा क्रमांकही टिपून ठेवावा.

याहून टिकाऊ मार्ग गावाने स्वतः नियम घालून घेण्याचा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यावर ग्रामसभेत बंदी घातली, ऊस आणि केळीसारखी पिके टाळली आणि पावसाळा सरल्यावर पाण्याचा ताळेबंद मांडून मगच रब्बीत काय पेरायचे ते ठरवण्याची रीत पाडली. पोपटराव पवारांचे ते गाव अवर्षणप्रवण पट्ट्यातले आहे, म्हणूनच तो दाखला महत्त्वाचा. ताळेबंद मांडायला शासनाची मदत मिळते: राज्यातील १३ जिल्ह्यांत २०२० पासून राबवलेल्या अटल भूजल योजनेत तीच पद्धत गावोगाव शिकवली गेली, आणि योजनेबाहेरच्या गावांनाही पर्जन्यमान व विहिरींचे आकडे भूजल यंत्रणेकडून मागता येतात.

टंचाईचे वेळापत्रक

टंचाईची कारवाई उन्हाळ्यात सुरू होते असा समज आहे आणि तोच अनेक गावांना महागात पडतो. टंचाई कृती आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत तयार होतो. पावसाळा संपताच भूजल यंत्रणा पर्जन्यमान आणि विहिरींची पातळी पाहून संभाव्य टंचाईची गावे सुचवते. त्या यादीत गाव नसेल आणि ग्रामपंचायतीनेही काही कळवले नसेल, तर एप्रिलमध्ये आराखड्याबाहेरचे गाव म्हणून प्रस्ताव रेंगाळतो. म्हणून ऑक्टोबरच्या मासिक सभेतच संभाव्य टंचाईचा ठराव करून तो गटविकास अधिकाऱ्यांकडे द्यावा.

टँकर हा या यंत्रणेच्या लेखी शेवटचा उपाय आहे. त्याआधी गावातली विंधन विहिरीची दुरुस्ती, विहिरीतील गाळ काढणे किंवा खोलीकरण, तात्पुरती पूरक नळ योजना आणि खासगी विहिरीचे अधिग्रहण (ती गावासाठी तात्पुरती ताब्यात घेणे) हे पर्याय तपासले जातात. तहसील आणि पंचायत समितीचे पथक संयुक्त पाहणीला येते तेव्हा या प्रत्येक पर्यायाचे उत्तर तयार असावे: कोणाची विहीर अधिग्रहणाजोगी आहे, तिला किती तास पाणी टिकते, विंधन विहिरीवरचा हातपंप कशामुळे बंद आहे. एवढे सांगता आले नाही की पथक ‘पुन्हा पाहणी’ असा शेरा मारून निघून जाते आणि दोन आठवडे हातचे जातात.

टँकर मंजूर झाल्यावर हिशेब सोपा असतो. ग्रामीण भागात माणशी दररोज २० लिटर हे प्रमाण धरतात. म्हणजे १२०० लोकवस्तीला रोज २४,००० लिटर, १२,००० लिटरच्या टँकरच्या दोन खेपा. खेपांची नोंदवही गावातच ठेवावी आणि तिच्यावर समितीतल्या महिला सदस्यांच्या सह्या घ्याव्यात, कारण टँकर कोणत्या दिवशी आला नाही हे हंडा घेऊन उभ्या राहिलेल्या बाईइतके नेमके कोणालाच ठाऊक नसते. याउलट नळ योजनेसाठी जल जीवन मिशनचे प्रमाण माणशी ५५ लिटर आहे; दोन्ही आकड्यांची गल्लत अर्जात करू नये. नळाची तक्रार असेल तर ती आधी ग्रामपंचायतीकडे आणि मग जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांकडे द्यावी. अनेक गावांची प्रादेशिक योजना असेल तर ती महाराष्ट्र जीवन प्राधिकरण चालवते का, हे पाहून घ्यावे.

पाटाचे पाणी

कालव्याच्या पाण्याचे वर्ष १ जुलैला सुरू होते: १५ ऑक्टोबरपासून रब्बी आणि १ मार्चपासून उन्हाळी हंगाम. १५ ऑक्टोबरला धरणात किती उपयुक्त साठा आहे त्यावरून पुढची आवर्तने, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्या, ठरतात आणि कालवा सल्लागार समितीत त्यांच्या तारखा जाहीर होतात. तोंडी मागणीला येथे किंमत नाही. वैयक्तिक शेतकऱ्याने मुदतीत नमुना ७ वर पाणी मागणी अर्ज शाखा कार्यालयात दिला पाहिजे, मागची पाणीपट्टी थकलेली नसावी, आणि पोचपावती जपून ठेवावी. अर्ज न देता पाट फोडून घेतलेले पाणी अनधिकृत ठरते आणि त्याची आकारणी दंडाच्या दराने होते.

सगळ्यांत जुनी तक्रार शेपटाची आहे. डोक्याकडचे शेतकरी भिजवत बसतात आणि चारीच्या टोकाला पाणी पोहोचेपर्यंत आवर्तन संपते. यावर कायद्याने दिलेला उपाय म्हणजे पाणी वापर संस्था. महाराष्ट्र सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ या कायद्यानुसार संस्थेला तिच्या हद्दीच्या तोंडाशी पाणी घनमापनाने मोजून मिळते आणि आतले वाटप ती स्वतः करते. नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावर १९९० च्या सुमारास शेपटाकडच्याच शेतकऱ्यांनी अशा संस्था उभ्या केल्या, आणि पुढे सगळ्या प्रकल्पाचे वाटप संस्थांच्या हाती आले. मात्र संस्था नोंदवून मोजमापाचे यंत्र बंद पडू दिले, तर ती संस्था केवळ पाणीपट्टी गोळा करणारी हस्तक बनते. म्हणून ताबा घेताना संयुक्त पाहणीत प्रत्येक दरवाजा, प्रत्येक गळती आणि प्रत्येक मापनस्थळ लिहून घ्यावे. सही त्यानंतर करावी.

ठरलेला हक्क मिळाला नाही, तर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ मध्ये दाद मागण्याची वाट आहे: आधी नदीखोऱ्यासाठी नेमलेल्या प्राथमिक तंटा निवारण अधिकाऱ्याकडे आणि त्यावरील अपील प्राधिकरणाकडे. या प्राधिकरणाचा हात किती लांब पोहोचतो, हे जायकवाडीच्या प्रकरणात दिसले. त्याच्या १९ सप्टेंबर २०१४ च्या आदेशाने ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीतील उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर नाशिक आणि अहिल्यानगरमधील वरच्या धरणांतून किती पाणी सोडायचे याचे कोष्टकच ठरवून दिले. जायकवाडीचा उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे ७६.६५ टीएमसी. तेव्हापासून वर्तमानपत्रांत ऑक्टोबरमध्ये जी आकडेमोड चालते ती या आदेशाची. वरच्या भागातल्यांना तो अन्याय वाटतो आणि मराठवाड्याला अपुरा. पण आकडा लिहून ठेवलेला असल्यामुळे निदान भांडण आकड्यावर होते.

पाणी बिघडले असेल तर

पिण्याच्या पाण्याची शंका आणि ओढ्या-नदीचे प्रदूषण ही दोन प्रकरणे वेगळी ठेवावीत. पिण्याच्या पाण्यासाठी गावात जलसुरक्षक असतो, आरोग्य सेवक स्वच्छता सर्वेक्षण करतो आणि जोखमीनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. लाल कार्ड लपवण्याकडे कल असतो. ते फलकावर लावायला लावावे आणि त्याचे कारण विचारावे; पुष्कळदा ते ब्लीचिंग पावडर संपल्याचे, गळक्या व्हॉल्व्हचे किंवा विहिरीशेजारच्या उकिरड्याचे असते, म्हणजे गावालाच दूर करता येण्याजोगे. पाण्याचा नमुना भूजल यंत्रणेच्या जिल्हा किंवा उपविभागीय प्रयोगशाळेत तपासून मिळतो.

ओढ्यात फेस आला, रंग बदलला किंवा मासे वर आले, तर गाठ महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाशी आहे. हे मंडळ ७ सप्टेंबर १९७० रोजी स्थापन झाले आणि आज ते प्रामुख्याने केंद्राच्या १९७४ च्या जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियमाखाली काम करते. तक्रार मुंबईच्या मुख्यालयाला लिहिण्याने वेळ जातो. ती थेट उपप्रादेशिक अधिकाऱ्यांना, त्याच दिवशी, दूरध्वनीने आणि लगेच लेखी द्यावी. पाणी वाहते असते आणि सोडणारा बहुधा रात्री सोडतो, त्यामुळे दुपारी आलेल्या अधिकाऱ्याला नितळ पाणी दिसावे यात नवल नाही. तक्रारीत तारीख, वेळ, वास, रंग, वरच्या अंगाला पाणी कसे होते आणि खालच्या अंगाला कसे, आणि मधे कोणती मोरी किंवा पाइप येऊन मिळतो, एवढे असावे. छायाचित्रात एखादा पूल, मंदिर किंवा पाटी दिसेल असे पाहावे.

गावकरी अनेकदा बाटलीत पाणी भरून खासगी प्रयोगशाळेत तपासून आणतात. अधिकाऱ्याला जागेवर आणण्यासाठी त्या अहवालाचा उपयोग होतो, पण कारवाईचा आधार तो ठरत नाही. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने नोटीस देऊन, संबंधिताच्या समक्ष घ्यायचा असतो, त्याचे दोन भाग करून त्यावर खूण, मोहोर आणि दोघांच्या सह्या करायच्या असतात. पाहणीच्या वेळी हजर राहून पंचनाम्यात नमुना कुठून घेतला ते गावाने बारकाईने पाहावे. कारखान्याच्या अधिकृत निचऱ्याच्या तोंडाशी घेतलेला नमुना निर्मळ निघेल आणि कुंपणामागच्या चोरवाटेचा पाइप तसाच राहील, हे सहज घडते.

सर्वांत उपयोगी कागद म्हणजे त्या उद्योगाचे संमतिपत्र, म्हणजेच मंडळाने त्याला दिलेली अटींसह परवानगी. ते मंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येते. सांडपाणी किती, त्यातले किती बाहेर सोडता येते, कुठे सोडता येते आणि कोणत्या मर्यादेत, हे त्यात आकड्यांनी लिहिलेले असते. नदीनाल्यात सोडण्याच्या सांडपाण्यासाठी जैविक प्राणवायू मागणीची (पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते, त्या मापाची) सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे, आणि एखाद्या संमतिपत्रात ती याहून कडक असू शकते. ‘कारखाना प्रदूषण करतो’ या वाक्याला उत्तर देता येते. ‘संमतिपत्रातील अमुक अटीनुसार सांडपाणी बाहेर सोडण्यास मनाई असताना अमुक तारखेला ते नाल्यात वाहत होते’ या वाक्याला ते देणे कठीण जाते. मंडळाकडून काही झाले नाही तर राष्ट्रीय हरित लवादाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. तिथे पर्यावरणीय वादासाठी सहा महिन्यांची मुदत असते, म्हणून पत्रव्यवहारात वर्ष घालवू नये. आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करावी: अनेक नद्यांत सर्वाधिक घाण कारखान्यांची नसून वरच्या अंगाच्या गावांच्या आणि शहरांच्या सांडपाण्याची असते. तेव्हा तक्रार नगरपालिकेविरुद्ध असली तरी ती याच मंडळाकडे द्यायची आहे.

वाळू, पाणथळ आणि रान

नदीतील वाळू हे गौण खनिज असल्याने तो विषय महसूल विभागाचा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली तहसीलदाराला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड करता येतो आणि वाहने जप्त करता येतात. वाळूची तक्रार पाण्याच्या अर्जात मिसळू नये. मात्र उपशाची जागा गावच्या पाणीपुरवठा विहिरीजवळ असेल, तर अंतर मोजून तेवढे जरूर लिहावे. रात्री एकट्याने गाड्या अडवायला जाऊ नये.

नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी ही राज्यातली रामसर स्थळे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा, सर्वांना ठाऊक झाली आहेत, पण गावचे साधे पाणथळ रान कोणाच्या यादीत नसते. त्याची नोंद गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवहीत करून ठेवावी. ही नोंदवही कपाटात कोरी पडलेली असण्याचीच शक्यता अधिक. आदिवासी गावांत तलावातील मासे आणि भोवतीचे वन यांवर सामूहिक वनहक्क मागता येतो, आणि गडचिरोलीतील मेंढा (लेखा) हे २००९ मध्ये असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी आहे. तो दावा ग्रामसभेतून उपविभागीय समितीकडे जातो.

अर्ज आणि माहितीचा अधिकार

अर्ज एका पानाचा, एका विषयाचा आणि एका अधिकाऱ्याच्या नावे असावा. त्यात कायद्याचे नाव, जागा, तारीख, मोजमाप आणि नेमकी मागणी असावी. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. शिपायाच्या हातात दिलेला अर्ज हा दिलेला अर्ज नव्हे. तालुक्यात तड लागली नाही तर दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारचा तालुका लोकशाही दिन आणि पहिल्या सोमवारचा जिल्हा लोकशाही दिन उपयोगी पडतो. तिथे अर्ज आगाऊ द्यावा लागतो आणि आधीच्या अर्जाची पोच जोडावी लागते.

महिना-दीड महिना उलटूनही हालचाल नसेल, तर स्मरणपत्राऐवजी माहितीचा अर्ज करावा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार त्यात विषय एकच असावा आणि मजकूर १५० शब्दांत बसवावा; शुल्क १० रुपये. उत्तरासाठी ३० दिवस, आणि ते न आल्यास पहिले अपील त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे. ‘कारवाई का केली नाही’ असे विचारू नये, कारण ‘का’ ही माहिती नव्हे असे उत्तर येते. गावची विहीर आणि नवा बोअर यांच्या प्रकरणात मजकूर असा ठेवता येईल:

‘आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक या अर्जावर आजपर्यंत झालेल्या टिप्पणीच्या सर्व पानांची साक्षांकित प्रत द्यावी. सदर अर्जानुसार वरिष्ठ भूवैज्ञानिकांकडे पाठवलेल्या पत्राची व त्यांच्या अहवालाची प्रत द्यावी. सदर प्रकरण सध्या कोणत्या पदाच्या अधिकाऱ्याकडे व कोणत्या तारखेपासून आहे, ते कळवावे. मूळ संचिकेची समक्ष पाहणी करू द्यावी.’

शेवटच्या वाक्यातली पाहणी मागायला विसरू नये. त्या अधिकारात सार्वजनिक कामाची जागेवर तपासणी करणे आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेणेही बसते. म्हणजे गेल्या वर्षी बांधलेला बंधारा गळत असेल, तर त्याच्या सिमेंटचा तुकडा आणि मोजमाप पुस्तिकेची पाने एकाच अर्जात मागता येतात.